संबळ, पखवाज, क्लॅरिनेट, व्हायोलिन, कीबोर्ड: एकत्र नवी वाद्यरचना बांधायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर-धाराशिव भागातला सहा जणांचा गट आहे. संबळ आणि तुणतुणं वाजवणारे दोन गोंधळी, वारकरी पद्धतीचा पखवाजवादक, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले मास्तर, शास्त्रीय शिकलेली व्हायोलिनवादक आणि ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यांची वीसेक मिनिटांची नवी रचना करायची आहे. बैठका झाल्या, पण सूर लागत नाही, ताल सुटतो आणि शेवटी सगळे एकदम वाजवतात. रचना आधी लिहून काढावी की बसल्यावर सुचेल तशी घ्यावी?

आत्ता दोन्ही नको. आधी ठरवायचं की या सहा जणांत कोण कशात हलू शकत नाही. प्रत्येक वाद्याला आणि प्रत्येक वादकाला एखादी गोष्ट बदलताच येत नाही. ती गोष्ट पक्की धरून बाकीच्यांनी सरकायचं. आंतरपरंपरेचे बहुतेक प्रयोग मोडतात, कारण सगळे कीबोर्डकडे सरकतात. तो हाताशी तयार असतो ना! खरं तर सहांमध्ये सर्वांत सहज हलणारं वाद्य तेच आहे.

सुरापासून सुरुवात करू. क्लॅरिनेटचा बॅरल (मुखाजवळचा छोटा जोड) थोडा बाहेर ओढला की सूर उतरतो. पूर्ण आत बसवला की त्याहून वर जायला जागाच उरत नाही. गार क्लॅरिनेट उतरलेला असतो आणि दहा मिनिटं फुंकून गरम झाला की चढतो. म्हणून बैठकीत पहिली दहा मिनिटं फक्त मास्तरांनी वाजवायचं. मग मोबाइलमधल्या ट्यूनरवर त्यांचा सूर बघायचा. बँडमधली बरीच वाद्यं जुनी असतात, नेमकी ४४० हर्ट्झवर (कीबोर्डच्या नेहमीच्या सुरावर) येतीलच असं नाही. ट्यूनर ४४३ ला स्थिर दाखवत असेल, तर कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन ४४३ करा आणि तोच सूर सगळ्यांना द्या. कीबोर्डला हे एका बटणाचं काम आहे. मास्तरांनी ओठ सैल सोडून सूर उतरवत बसणं म्हणजे दर स्वराला झगडा, आणि दहाव्या मिनिटाला ओठ थकतात.

पट्टी कोणती? बँडवाल्यांना काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) आवडते, कारण त्यांचा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा. बोटं जो स्वर धरतात, त्यापेक्षा आवाज पूर्ण एक स्वर खाली येतो. काळी पाचला सा धरला की मास्तरांची बोटं थेट ‘सी’च्या सोप्या सप्तकावर पडतात. पण त्या पट्टीत व्हायोलिनच्या जाड तारा तीन-तीन अर्धस्वर वर ताणाव्या लागतात. तार तुटते, नाही तुटली तर घोडीवर ताण येतो. पांढरी दोन व्हायोलिनला छान, पण तिथे क्लॅरिनेटला चार शार्पच्या सप्तकात वाजवावं लागतं आणि बँडच्या सवयीला ते अवघड जातं. मला काळी एक सर्वांत सोयीची वाटते. मास्तरांनी काळी दोनची बोटं धरायची, म्हणजे तीन फ्लॅट, जे बँडमध्ये रोजचे. व्हायोलिन ‘प सा प सा’ लावायचं: सर्वांत जाड तार अर्धा स्वर वर, मधल्या दोन अर्धा स्वर खाली, बारीक तार दीड स्वर खाली. पखवाज काळी एकला निवांत बोलतो. कीबोर्डने ट्रान्सपोज अधिक एक करून आपलं पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजवावं.

तुणतुण्याला एकच तार, ती ‘सा’ला लावायची. संबळाकडे मात्र नीट कान द्या. त्याच्या लहान भांड्याला ठळक गूंज असते. ती जर ‘सा’च्या शेजारी, म्हणजे शुद्ध नी किंवा कोमल रे यांच्या आसपास पडली, तर सगळे सुरात असूनही काहीतरी बेसूर आहे असं वाटत राहतं आणि दोष व्हायोलिनवर जातो. कातडं तापवून वा ओढून ती गूंज सा किंवा प वर आणा. नाहीच जमलं तर कडेला कापडाची छोटी घडी ठेवून ती दाबा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशोब धरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की फुंकीची वाद्यं चढतात, तारेची उतरतात. हवेच्या स्तंभाचा सूर गणिताने दर अंशाला साधारण ३ सेंट चढतो. (एका अर्धस्वराचे १०० सेंट.) फुंक मुळात ऊबदार असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी, तरी सकाळी लावलेला सूर दुपारी दोनला जमणार नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीकही कूलरच्या वाऱ्यात भराभर सुकते, मग त्या पुडीचा सूर वर चढतो आणि पखवाजी जोरात मारायला लागतो. ओल्या हाताने मधूनमधून कणीक मऊ ठेवायची आणि कूलर त्याच्या अंगावर सोडायचा नाही. पावसाळ्यात सगळं उलट होतं. कातडी ढिली पडतात, हलगी असेल तर ती शेकल्याशिवाय बोलत नाही.

आता स्वररचना. पहिल्या रचनेसाठी पाच स्वरांचा राग घ्या. भूप घेतलात असं धरू: सा रे ग प ध. यात क्लॅरिनेटचा एक अडथळा बसलेला आहे, तो आधी समजून घ्या. काळी एकच्या पट्टीत मध्य सप्तकातला पंचम क्लॅरिनेटच्या ‘घशातल्या’ शेवटच्या स्वरावर येतो. त्याचा आवाज फिका आणि थोडा हवेचा. पुढचा धैवत मात्र जवळजवळ सगळी भोकं झाकून येतो. म्हणजे प वरून ध वर जाताना एकदम सगळी बोटं पडतात, सांधा ऐकू येतो आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर निघतच नाही. म्हणून क्लॅरिनेटला पंचमावर न्यास (विसावा) देऊ नका. गंधारावर किंवा तार सावर थांबवा. प-ध ची ये-जा असलेला प्रत्येक तुकडा व्हायोलिनकडे द्या. मास्तरांकडे सा-रे-ग चा खालचा भाग आणि धैवताच्या वरचा भाग सोपवा. तिथे क्लॅरिनेट सनईच्या तोडीचा मोकळा बोलतो. हे न करता दोघांना एकच धून दिली, तर दर आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) त्याच जागी धून फाटते आणि मास्तर कच्चे आहेत असा गैरसमज होतो.

कीबोर्डवाल्याचा प्रश्न वेगळा. त्याच्या हाताला कॉर्डची, म्हणजे तीन स्वर एकदम दाबण्याची सवय. भूपात पूर्ण बसणारे त्रिस्वर दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग. प चा मेजर कॉर्ड धरला की नी आला, म चा धरला की मध्यम आला. झालं, भूप संपला. दुर्गा घेतलात (सा रे म प ध) तर आणखी गंमत आहे, तिथे सावर कॉर्डच बसत नाही! म-ध-सा आणि रे-म-ध एवढे दोनच मिळतात. तिथे सा-म-प किंवा सा-रे-प असे उघडे जुळवलेले स्वर वापरावे लागतात. भैरवीसारख्या सात स्वरांच्या रागात कॉर्ड भरपूर मिळतात, म्हणून कीबोर्डवाले भैरवीकडे ओढतात. पण पहिल्याच रचनेत भैरवी घेतली की ती लगेच चित्रपटसंगीताच्या वळणावर जाते. माझं मत, दुसऱ्या रचनेपर्यंत थांबा.

कॉर्ड बसत असला तरी त्यातला गंधार लांब धरायचा नाही. कीबोर्डचा गंधार ‘सा’पासून ४०० सेंटवर, तर तुणतुण्याच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक पटकन वाजवलेल्या स्वरात कळत नाही. चार मात्रा धरला की मात्र तुणतुणं आणि कीबोर्ड यांच्यात लाटा ऐकू येतात. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंट, तो कानाला खटकत नाही. तेव्हा कीबोर्डचा नियम सरळ: लांब स्वर फक्त सा आणि प, गंधार तुटक. आणि कीबोर्डमधली तयार ‘स्टाइल’, म्हणजे बटण दाबलं की वाजणारा रिदम, पहिल्या दिवसापासून बंद. ती चालू असेल तर गोंधळी पाहुणे होतात.

ताल हा खरा गाभा आहे, आणि इथे न हलणारा माणूस म्हणजे संबळवाला. त्याला ‘आठ मात्रा मोजा’ म्हणून फायदा नाही. त्याने मात्रा शिकलेल्याच नसतात, चाल शिकलेली असते. त्याला तुणतुण्याबरोबर त्याच्या मनाच्या लयीत तीन-चार मिनिटं वाजवू द्या. बाकीच्यांनी फक्त टाळ्या द्यायच्या. जिथे सगळ्यांच्या टाळ्या आपोआप एकत्र पडतील ती त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. गोंधळाच्या अनेक चाली सहाच्या वजनाने, दादरा-खेमट्याच्या अंगाने चालतात. तुमच्या गोंधळ्यांची चाल कोणती, ते त्यांच्या हातूनच मोजा.

पखवाजवाल्याचा भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा आणि आठ भांडतात असं वाटतं, पण २४ मात्रांचं मोठं आवर्तन धरलं की सुटतं: संबळाची चार आवर्तनं म्हणजे पखवाजाची तीन. दोघांनी आपापलं सोडायचं नाही, फक्त दर २४ व्या मात्रेनंतर एकत्र भेटायचं. मधल्या ओढाताणीतच या रचनेची मजा आहे. हा जोर नव्या श्रोत्यालाही कळतो, त्याला मात्रा मोजायची गरज नसते. लय १२० (मिनिटाला १२० मात्रा) धरली तर असं एक आवर्तन १२ सेकंदांचं, मिनिटाला पाच. लय १४४ ला नेली की आवर्तन १० सेकंदांचं, मिनिटाला सहा. याच हिशोबाने रचनेची लांबी कागदावर मांडता येते.

एकत्र उतरायला तिहाई लागते, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. २४ च्या आवर्तनासाठी सात मात्रांचा तुकडा घ्या, दोन मात्रा जागा सोडा, असं तीनदा. ७, २, ७, २, ७ मिळून २५, म्हणजे समेपासून उचललेल्या तिहाईचा शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर. पखवाजवाला ही तिहाई सहज बांधेल. अंबाजोगाई परिसरात शंकरबापू आपेगावकरांच्या परंपरेमुळे पखवाजाची चांगली तालीम मिळालेले वादक आहेत, त्यांना चौताल-धमारातला हिशोब सांगावा लागत नाही. पण संबळवाल्याने तिहाई वाजवायची नाही. त्याने चाल चालू ठेवायची आणि शेवटच्या ‘धा’वर मोठ्या भांड्यावर एक आघात द्यायचा. दोघेही तिहाईत घुसले तर लय जागा सोडते.

पुढे कधी रूपक घ्यायची हौस आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ यात सम हीच ‘खाली’ (रिकामी मात्रा) आहे, डग्गा तिथे बोलत नाही. कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅडवाला सवयीने पहिल्या मात्रेवर जड ठोका मारतो आणि ताल उलटा ऐकू येतो. त्याचा जड ठोका चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर हवा.

आता ‘सगळे एकदम वाजवतात’ याबद्दल. मैहरला अलाउद्दीन खाँसाहेबांनी जो वाद्यवृंद बांधला, त्यात बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग, सतार, व्हायोलिन अशी कुठली कुठली वाद्यं एकच धून एकत्र वाजवतात आणि ते भारदस्त वाटतं. पण तिथे सगळे एका शिस्तीत तयार झालेले होते. तुमच्या गटात ते पहिल्या वर्षी साधणार नाही. तुम्ही जोड्या लावा. संबळाचा आवाज कमी करता येत नाही, काठी हळू मारली तर तो संबळ राहत नाही. म्हणून संबळाची जोडी क्लॅरिनेटशी. व्हायोलिनची जोडी तुणतुण्याशी आणि पखवाजाच्या मोकळ्या बोलांशी. कीबोर्ड दोन्हीकडे, पण फक्त ‘सा’चा आधार.

पहिली रचना वीस मिनिटांची करू नका, सहा-सात मिनिटांची करा. अंदाजे अशी: तुणतुण्याच्या सावर व्हायोलिनचा सव्वा मिनिट आलाप, ठेका नाही. मग पखवाज हळूच भजनी ठेका धरतो आणि व्हायोलिन २४ मात्रांचा मुखडा (मुख्य धून) चार वेळा वाजवतं. पाचव्या आवर्तनाला व्हायोलिन थांबतं, संबळ आणि क्लॅरिनेट आत येतात. त्याच मुखड्याचा वरचा अर्धा भाग क्लॅरिनेट घेतं, सहा आवर्तनं. त्यानंतर सहा आवर्तनं सवाल-जवाब, एक आवर्तन व्हायोलिनचं, एक क्लॅरिनेटचं. मग फक्त संबळ आणि पखवाज, चार आवर्तनं, याच भागात लय १२० वरून १४४ वर जाते. लय संबळवाल्याने चढवायची, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. शेवटी सगळे एकत्र मुखडा सहा वेळा, तिहाई, आणि सम. सगळे एकदम वाजवतात ते फक्त या शेवटच्या मिनिटात, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

लिहायचं म्हणाल तर हे एवढंच लिहा: भिंतीवर मोठा कागद, प्रत्येक ओळीला आवर्तनांची संख्या आणि त्या वेळी कोण वाजवतंय. व्हायोलिनवाली स्वतःपुरतं भातखंडे पद्धतीत लिहून घेईल, कीबोर्डवाला आपल्या खुणा करेल. गोंधळ्यांना आणि मास्तरांना मुखडा गाऊन द्या, तोंडाने. मोबाइलवर तुणतुण्याचा सा, ठेका आणि मुखडा असं रेकॉर्डिंग करून गटात टाकलं की घरी ऐकून बसतं.

सरावातली एक अडचण हमखास येते. ‘सवाल-जवाबापासून घेऊ’ म्हटलं की शिकलेले वादक लगेच तिथून उचलतात. कानाने शिकलेल्या वादकाला मधूनच उचलणं अवघड जातं. त्याच्या डोक्यात चाल सलग आहे, तिला पहिल्यापासून गती यावी लागते. त्याला अडवून पुन्हापुन्हा थांबवलं तर तो हात आखडता घेतो. तेव्हा तुकडे पाडायचेच असतील तर त्याच्या आधीची दोन आवर्तनं रिकामी वाजवू द्या, तिसऱ्याला बाकीचे आत येतील. इशारा हाताने किंवा बोलाने द्या. ‘वन टू थ्री फोर’ पखवाजवाल्यालाही पटकन लागू पडत नाही. त्याला ‘माउली, घ्या’ पुरतं.

संबळ हे देवीच्या पूजेतलं वाद्य आहे. तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईकडच्या गोंधळ्यांच्या काही चाली आवाहनाच्या असतात. त्या मंचावर सुट्या वाजवायच्या की नाही, हे त्यांनाच विचारा आणि नाही म्हणाले तर दुसरी चाल मागा. वाद्याजवळ चप्पल नको, हे सगळ्यांनीच पाळायचं. बैठकही एका पातळीवर हवी. व्हायोलिन गादीवर आणि संबळ खाली सतरंजीवर असं दृश्य अजूनही दिसतं, आणि त्याचा परिणाम वाजवण्यात ऐकू येतो.

सरावाचे दिवस निवडताना पंचांग समोर घ्या. लग्नसराईत मास्तर मिळणार नाहीत, नवरात्रात गोंधळी नाहीत, आषाढी वारीत आणि श्रावणातल्या सप्ताहांत पखवाजी नाही. गणपती उठल्यानंतरचा पितृपंधरवडा मात्र जवळजवळ सगळ्यांना मोकळा असतो. या दिवसांत नव्या कामाला हात लावायचा नाही असं कोणी म्हणालं, तर मुहूर्ताची पहिली बैठक आधीच उरकून घ्या, उरलेला सराव तेव्हा करा. सरावाचाही मोबदला द्यायचा. ज्याचा रोज बुडतो, तो तिसऱ्या बैठकीपासून येत नाही, आणि लोक समजतात की त्याला रस नाही.

मंचावर संबळ सर्वांत मागे, बाकीच्यांपासून तीन-चार मीटर. त्याला स्वतंत्र माइक लहान सभागृहात लागतही नाही. क्लॅरिनेटचा माइक खालच्या टोकाच्या फनेलवर लावतात ते चूक. त्याचे बरेच स्वर मधल्या भोकांतून बाहेर येतात, माइक तिथे, ३०-४० सेंटीमीटरवर. पखवाजाला दोन्ही बाजूंना एकेक, व्हायोलिनला क्लिपचा. तुणतुणं विसरतात आणि मग ‘सा’चा आधार जातो. त्याला छोटा कंडेन्सर माइक, अगदी जवळ.

रेकॉर्डिंग करताना क्लिकवर वाजवायचा आग्रह धरू नका. या रचनेत लय चढतेच, आणि संबळवाल्याच्या कानात टिकटिक घातली की तो ठोक्याच्या मागे धावतो. सगळे एकाच वेळी वाजवा, संबळ शेजारच्या खोलीत, दार उघडं, एकमेकांना दिसतील असं. शक्यतो ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉप आणि इंटरफेस दोन्ही यूपीएसवर.

आणि ध्वनिमुद्रण बाहेर काढण्याआधी एक पानी मराठी करार सगळ्यांच्या सह्यांनी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं, वादकाचा सादरकर्ता म्हणून हक्क ५० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या हक्कांत भर पडली. करारात मुखडा कोणाचा, तिहाई कोणाची, संबळाची चाल कोणाच्या घरची, हे नावानिशी लिहा. पारंपरिक चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहून वाजवणाऱ्याचं नाव गाळायचं नाही. चाल पारंपरिक असेल, पण तुमच्या २४ मात्रांत ती बसवणारा हात त्याचाच आहे. उत्पन्नाची वाटणी टक्क्यांत लिहा आणि कराराची प्रत सहाही जणांकडे असू द्या.